दारावर न आलेल्या बाया

बायको गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी बंगल्यासमोर मांडव पडलेला होता. मी सांगितला नव्हता. गेली कित्येक वर्षं माझ्या बाबतीत असंच चालतं. मला काय लागेल ते दुसरेच ठरवतात आणि आणून ठेवतात. पांढरं कापड, पांढऱ्या चादरी घातलेल्या खुर्च्या, कोपऱ्यात थंड पाण्याचे जार, आणि तिचा फोटो. फोटो तरी धड शोधावा. मला उद्योगाचं काहीतरी बक्षीस मिळालं त्या समारंभातला तिचा चेहरा कापून मोठा केला होता. त्यात ती जांभई दाबून बसलीय हे मला एकट्याला दिसत होतं.

मी मॅनेजरला म्हणालो, "खुर्च्या कशाला? दारावर आलेला माणूस खाली बसतो."

"शेठ, मोठी मोठी माणसं येतील. त्यांच्या गुडघ्यांचं बघावं लागतं."

माझे गुडघे त्याच्या हिशेबात नव्हते. मी सतरंजीवर भिंतीला टेकून बसलो आणि माझ्यासमोर खुर्च्यांची रांग. येणाऱ्या प्रत्येकाकडे मला मान वर करून पाहावं लागत होतं. दुपारपर्यंत मान अवघडली.

आमच्या खानदेशात माणूस गेलं की गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे सुतक फिटून शेवटचं जेवण होईपर्यंत, लोक दारावर येतात. म्हणजे त्या घरी येऊन नुसतं बसतात. बाया गल्लीच्या तोंडापासूनच गळा काढत येतात, घरातल्या बाया त्यांच्या गळ्यात पडतात. मग शांत झालं की कुणीतरी विचारतं, "काय व्हयनं?" आणि घरच्यानं पहिल्यापासून सगळं सांगायचं. काल सांगितलं, तासाभरापूर्वी सांगितलं, तरी नव्यानं आलेल्याला पुन्हा सांगायचं. सांगून सांगून आपल्यालाच ते खरं वाटायला लागतं, बहुतेक त्यासाठीच असावं. निघताना कुणी 'येतो' म्हणत नाही. उठायचं आणि चालायला लागायचं.

तर आले, पुष्कळ आले. मिरचीचे व्यापारी आले, बँकेचे आले, बाजार समितीतले आले, शहाद्याहून साखर कारखान्याकडचे चार जण एका गाडीतून आले. खुर्चीवर बसायचे, फोटोकडे पाहायचे. "वहिनी फार साध्या होत्या," असं म्हणायचे. सगळे हेच म्हणायचे. मी सांगायचो, "दुपारी पडली, उठली नाही. अटॅक." ते मान हलवायचे. आणि मग कुणीतरी घसा साफ करून म्हणायचं, "यंदा आवक कशी काय?"

गंमत अशी की मी उत्तर द्यायचो. बायको जाऊन दोन दिवस झालेले आणि मी भिंतीला टेकून सांगतोय की ओल्या मिरचीला रंग चांगला आहे, पण ढगाळ हवा राहिली तर फटकी वाढेल. फटकी म्हणजे वाळताना पांढरी पडलेली, वाया गेलेली मिरची. तोंड आपोआप बोलत होतं. ती असती तर पदराआड हसली असती.

मला या सगळ्यांकडून काही नको होतं. मला एवढंच हवं होतं की तिच्यासाठी कुणीतरी मोठ्यानं रडावं. रुमालानं डोळ्यांच्या कडा टिपणं नको. गळा काढून, आमच्या बोलीत, तिच्या सवयी सांगत सांगत रडावं. तिची आई कधीच गेली, बहिणी गेल्या. लोणखेड्याकडून भाऊ आला होता, पण तो मुळात अबोल, आणि वयानं ऐकूही कमी येतं. सून रडली, पण तिचं रडणं आतल्या खोलीत, दार लावून. मला स्वतःला रडता येत नव्हतं. शेठ झाल्यावर माणसाच्या काही गोष्टी वापरात नसल्यामुळे गंजतात. पुरुषाला रडवायला दारावर आलेल्या बाया लागतात आणि त्या माझ्या दारावर येत नव्हत्या.

कोणत्या बाया, ते सांगतो. त्यासाठी थोडं मागं जावं लागेल.

नंदुरबारच्या बाहेर रस्त्याला लागून मोकळी रानं आहेत. थंडी पडली की ती लाल होतात. शेतकऱ्याकडून घेतलेली ओली मिरची तिथं अंथरतात, उलथतात, वाळवतात. तिला आम्ही पथारी म्हणतो. बाहेरगावचा माणूस लांबून पाहतो तेव्हा त्याला फार सुंदर वाटतं. जवळ आला की त्याला ठसका लागतो आणि सौंदर्य संपतं.

माझं सगळं आयुष्य त्या जमिनीवर सुरू झालं. घरी भाऊ जास्त आणि शेत कमी, म्हणून मी तापीकाठचं गाव सोडून इथं एका अडत्याकडे काट्यावर उभा राहिलो होतो. दोन वर्षांत मला वाटायला लागलं की मालकापेक्षा मला मिरची जास्त कळते. हे प्रत्येक नोकराला वाटतं. फरक एवढाच की मी नोकरी सोडली. रस्त्याकडेची एक जमीन भाड्यानं घेतली, ओळखीवर ओली मिरची उचलली आणि अंथरली. त्याच महिन्यात माझं लग्न झालं होतं. बायकोला घेऊन मी थेट पथारीवर आलो, कारण दुसरं घर नव्हतंच. पत्र्याचं एक शेड होतं. अर्ध्यात पोती, अर्ध्यात आमचा संसार.

देठ खुडायला पाच-सहा बाया रोजानं लावल्या होत्या. ही पहिल्याच दिवशी त्यांच्यात जाऊन बसली. मी सांगितलं नव्हतं. दुपारी चूल पेटवून तिनं भाकरी केली, मी पहिला घास घेतला आणि माझे ओठ पेटले. मिरची खुडलेल्या बोटांतून तिखट जात नाही. राखेनं घासा, ताकानं धुवा, तेल लावा, ते नखांच्या मुळाशी राहतंच. पीठ मळलं की भाकरीत उतरतं. मी ओरडलो, "हात धुत जा की नीट." ती म्हणाली, "धुयेल शेतस. तुम्हना धंदा शे तो, तुम्हीच खा आते."

पुढची कित्येक वर्षं मी तिखट भाकरी खाल्ली आणि रोज कुरकुर केली. कुरकुर करायला ती समोर बसलेली असायची, हे तेव्हा लक्षात येण्यासारखं नव्हतं.

बाकीची गोष्ट लोकांना माहीत आहे, निदान समारंभात ती वाचून दाखवतात. आधी एक चक्की बसवली. मग पुडे भरायला लागलो. मग भाड्याची जमीन विकत घेतली, मग फॅक्टरी उभी केली, मग दुसरी. माझी मिरची समुद्रापलीकडे जायला लागली. पाहुणे आले की मी त्यांना पांढरी टोपी घालून यंत्रं दाखवतो. सुरुवातीला मी हमालाबरोबर पोतं उचलायचो आणि तो मला "ए भाऊ, सरक" म्हणायचा. मग मी भाऊचा भाऊसाहेब झालो, मग शेठ. आता मी कामाच्या ठिकाणी पोचलो की बोलणं थांबतं. आतून हसण्याचा आवाज येत असतो, मी दार ढकलतो आणि सगळे उभे राहतात. आपसात अहिराणीत चाललेलं असतं, माझ्याशी शाळेतल्यासारखं शुद्ध बोलतात. "होय शेठ. झालं आहे शेठ." चूक झाली तरी झालं आहे. मला खरी बातमी कळते ती सगळ्यांना कळून झाल्यावर. बायको त्या दुपारी कधी नव्हे ते लवकर घरी येऊन आडवी झाली होती; ती गेल्याचंसुद्धा आधी स्वयंपाक्याला कळलं, त्यानं ड्रायव्हरला सांगितलं, ड्रायव्हरनं मॅनेजरला, आणि मॅनेजर माझ्या केबिनच्या दारात पाच मिनिटं उभा राहून मग आत आला.

बंगला बांधला तेव्हा मला वाटलं होतं, आता ही घरात बसेल. शेठाणी होईल. तिनं दोन दिवस बसून पाहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळचा चहा झाल्यावर पिशवी घेऊन दारात उभी. "मी पथारीवर जास."

"आता काय गरज आहे? लोक काय म्हणतील?"

"लोके काय म्हनतीन? मिरची खुडी ऱ्हायनी म्हनतीन."

मी आवाज चढवला. त्यानं काही झालं नाही. ती गेली. मी गाडी लावून दिली तर रस्त्यावरच उतरायची आणि पुढचं चालत जायची, म्हणजे बायांना गाडी दिसू नये. तिची जागा ठरलेली होती, जुन्या शेडच्या भिंतीला लागून. खाली गोणपाट, बाजूला खोबरेल तेलाची डबी, समोर मिरचीचा ढीग. नवीन फॅक्टरीत देठ काढायचं यंत्र आलं तरी ती जुनी पथारी मी मोडली नाही. तिच्या हट्टापायी चालू ठेवली, असं मी चारचौघांत सांगायचो. थोडं कौतुकानं, थोडं वैतागानं.

मला समारंभात मिळालेल्या शाली तिनं एकेक करून तिथं नेल्या. माझ्या कपाटात आज एकही शाल नाही. थंडीत पथारीवरून गाडी गेली की दिसायचं, माझे सगळे सत्कार बायांच्या डोक्यावर बांधलेले आहेत.

बंगल्यात स्वयंपाकी आला. पहिल्या दिवशी त्याची भाकरी खाऊन मी तिच्यासमोर म्हणालो, "बघ, याला म्हणतात भाकरी. तोंड भाजत नाही." ती हसली. दुसऱ्या दिवसापासून ती स्वतःपुरत्या दोन भाकरी करून फडक्यात बांधून न्यायला लागली. दुपारी ती तिकडे बायांबरोबर जेवायची, मी केबिनमध्ये डबा उघडायचो. रात्री मी उशिरा यायचो. सबंध दिवसात आमच्या दोघांच्या वाट्याला सकाळचा चहा होता, आणि तोही वर्तमानपत्रासकट.

म्हणून मी त्या बायांची वाट पाहत होतो. तिच्याबरोबर ज्यांनी तारुण्यापासून म्हातारपणापर्यंत दिवस काढले, तिचं खाणं, हसणं, दुखणं ज्यांना ठाऊक, त्या येतील आणि फाटकापासून गळा काढतील, असं मी धरून चाललो होतो. मी वॉचमनला सांगितलं, फाटक दिवसभर उघडं ठेव. पहिल्या दिवशी नाही आल्या. म्हटलं, गर्दी पाहून बिचकल्या असतील. नंतरच्या दिवशी गर्दी ओसरली. फाटकातून एक कुत्रं तेवढं आत आलं, मांडवात सावलीला निजलं, आणि खरं सांगायचं तर त्या दुपारी तेवढीच सोबत होती.

चौथ्या-पाचव्या दिवशी मुकादम आला. हा पथारीवरचा माझा जुना माणूस. खुर्चीवर बसला नाही, सतरंजीच्या कडेला बसला. मी शक्य तितक्या सहज विचारलं, "बाया कशा आहेत?"

"कामावर आहेत, शेठ. सगळ्या कामावर आहेत."

"मला वाटलं, येतील एखादवेळेस."

तो सतरंजीचा दोरा ओढत राहिला. काहीतरी होतं त्याच्या तोंडात, पण त्यानं गिळलं. मीही पुढं विचारलं नाही. शेठनं मुकादमाला काय विचारायचं, की माझ्या दारावर रडायला का कुणी येत नाही? काम थांबवू नका हा निरोप माझाच होता. आभाळ भरलेलं होतं आणि अंथरलेल्या मिरचीला कुणाचं सुतक कळत नाही. पण संध्याकाळ होती की. पायी आलं तरी अर्ध्या तासाची वाट.

मला राग यायला लागला. दुःख झालेल्या माणसाला राग फार उपयोगी पडतो, त्याला टेकता येतं. मी मनात एकेकीचा हिशेब काढायला लागलो. हिच्या पोरीच्या लग्नात बायको दोन दिवस जाऊन राबली होती. तिच्या नवऱ्याच्या आजारपणात गाडी पाठवली होती. आणि हिला तर नेसतं लुगडं काढून दिलं होतं. आणि एकीलाही फाटकापर्यंत यावंसं वाटू नये?

मुलगा सुरतहून आला होता. तिथं त्याचा स्वतःचा कापड रंगवायचा कारखाना आहे. मिरचीचा त्याला लहानपणापासून त्रास, शिंका यायच्या. चांगला आहे पोरगा. दिवसभर माझ्याजवळ बसायचा, फोन आला की उठून कोपऱ्यात जायचा, परत यायचा. एका संध्याकाळी म्हणाला, "पप्पा, ती जुनी पथारी आता कशाला ठेवायची? मम्मीसाठीच ठेवली होती ना तुम्ही. हायवेची जागा आहे. प्लॉट पाडू. खुडायला मशीन आहेच."

एरवी मी विचार करतो म्हणालो असतो. त्या दिवशी म्हणालो, "गंधमुक्ती झाली की सांगतो बायांना. मीच जाऊन सांगतो."

गंधमुक्तीच्या जेवणाचं आमंत्रण मी मुकादमाकडून बायांना मुद्दाम धाडलं. त्यांच्यासाठी मांडवाच्या एका अंगाला वेगळी पंगत धरायला सांगितली, म्हणजे त्यांना अवघडायला नको. पंगती उठल्या. त्या अंगाला पत्रावळींची चळत तशीच राहिली. वाढपी मला विचारायला आला, "शेठ, हे उचलू का?" मी म्हणालो उचल.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या गाडीनं मुलगा आणि सून सुरतला गेले. स्टेशनवरून परत येताना मी ड्रायव्हरला म्हणालो, पथारीवर घे. काय बोलायचं ते तयार होतं. आवाज चढवायचा नाही. एवढंच सांगायचं की या हंगामानंतर पथारी बंद, फॅक्टरीत ज्यांना यायचं त्यांनी यावं. आणि निघताना, उठता उठता म्हटल्यासारखं, "तुमच्यापैकी कुणी आलं नाही, बघितलं मी," हे एक वाक्य. ते मी गाडीत दोन-तीनदा मनात म्हणून पाहिलं. चांगलं लागत होतं.

गाडी रस्त्यावरच थांबवली. का ते माहीत नाही. चालत गेलो. जेवणाच्या सुट्टीची वेळ होती, मिरची उलथणारे गडी दिसत नव्हते. त्या दिवशी ऊन स्वच्छ होतं आणि सगळं रान लाल. बऱ्याच वर्षांनी पायी आल्यामुळे मला स्वतःच्याच मिरचीचा ठसका लागला.

जुन्या शेडच्या भिंतीजवळ सगळ्या बाया बसल्या होत्या. जेवत नव्हत्या. फडकी बांधलेलीच होती, बाजूला ठेवलेली. गोल करून जमिनीवर बसलेल्या, डोक्यावर माझ्या शाली. नुसत्या बसलेल्या. आणि भिंतीला लागून मधे एक जागा रिकामी होती. तिथं गोणपाट अंथरलेलं. तेलाची डबी. समोर मिरचीचा ढीग, देठांसकट, कुणी हात न लावलेला.

मी कोपऱ्यावरच उभा राहिलो. त्यांच्यातली सगळ्यात म्हातारी, जी आमच्या पहिल्या पाच-सहांतली, तिनं मान वर केली. मला पाहिलं. आणि तिनं गळा काढला.

"ओ माय वं, आते उना वं तुना मालक, किती वाट दखाडी वं माय..."

मग सगळ्या. पहाडावरून आलेल्या पावरा आदिवासी बाया त्यांच्या बोलीत, नंदुरबारच्या बाया आमच्या बोलीत. रस्त्यावरून जाणारा एक मोटारसायकलवाला थांबून पाहायला लागला इतका तो आवाज मोठा होता. मी तिथंच, मातीत बसलो. बूट, कडक इस्त्रीची विजार, सगळं घेऊन बसलो. गुडघ्यांनी कुरकुर केली ती मी ऐकली नाही.

बऱ्याच वेळानं त्या शांत झाल्या. म्हातारीनं पदरानं तोंड पुसलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "काय व्हयनं, शेठ?"

"दुपारी पडली. उठली नाही. अटॅक..."

"ते माहीत शे. सकायले काय बोलनी ती?"

इतक्या दिवसांत हे कुणी विचारलं नव्हतं. मला आठवावं लागलं. चहा. वर्तमानपत्र. ती खिडकीपाशी उभी होती. "म्हणाली, आज ढग शेतस. मिरची झाकाले सांगा."

"सांगं का मंग?"

"सांगितलं."

"हां," म्हातारी म्हणाली आणि पुन्हा तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. "तशीच व्हती ती. आठे बी उनी आनि पयलं तेच सांगं."

मी विचारलं. रागानं विचारायचं ठरवलेलं वाक्य होतं, पण ते निघालं भलत्याच आवाजात. "तुम्ही दारावर का आल्या नाहीत?"

त्या एकमेकींकडे पाहायला लागल्या. मुकादम तेवढ्यात शेडच्या पलीकडून आला आणि मला पाहून जागीच थांबला. म्हातारी म्हणाली, "उनूत ना. पयल्याच दिनले उनूत. फाटकपाशी उभ्या ऱ्हायनूत. आत दखं तं सगळ्या खुर्च्या. खुर्चीवर बठीसनी कोनी रडस का, शेठ?"

मी बुटांवरची माती पुसायला लागलो. म्हातारी थांबली नाही.

"आनि तिनं दार तठे कोठे व्हतं? ती सांगे आम्हले, बंगलामा मी पाव्हनी शे. आम्ही तिना दारवर बठनूत. रोज, याच टाइमले. तुम्ही येशात म्हनीसन वाट दखी ऱ्हायनूत. दारवर बठाले घरनं मानूस लागस ना."

मी मुकादमाकडे पाहिलं. "तुला माहीत होतं?"

"होय शेठ." त्यानं खाली पाहिलं. "पण तुम्हाला कसं सांगायचं, शेठ? तुम्ही इथं या, असं?"

त्याच्यावर मी रागावलो नाही. माझ्या माणसांनी मला काही सांगायचं नाही, ही शिस्त मीच लावली असणार, नाहीतर इतकी पक्की कशी लागली असती. गंधमुक्तीला का आल्या नाहीत हेही त्यांनी सांगितलं. घरच्या माणसाबरोबर दारावर बसल्याशिवाय गंधमुक्तीचं जेवायचं कसं? ते रीतीला धरून नाही. म्हणजे मी माझ्या बंगल्यात भिंतीला टेकून त्यांची वाट पाहत होतो आणि त्या या भिंतीजवळ माझी, आणि मधे अर्ध्या तासाची वाट होती.

मग त्या बोलायला लागल्या. तिच्याबद्दल. मी ऐकत होतो आणि अधूनमधून मला वाटत होतं की या भलत्याच कुणाबद्दल सांगताहेत. ती नकला करायची, म्हणे. माझीसुद्धा. मी पाहुण्यांना यंत्रं कशी दाखवतो ते ती हातात सूप घेऊन करून दाखवायची आणि बाया हसून लोळायच्या. पावरा बायांची बोली तिला येत होती. मला हे माहीतच नव्हतं. मुलगा सुरतला कायमचा राहायला गेला त्या दिवशी ती आली आणि दिवसभर ढिगाकडे तोंड करून बसली. डोळे लाल दिसले तेव्हा म्हणाली, मिरची गेली. "आम्ही काय बोलतस मंग," म्हातारी म्हणाली. "आठे सगळास्ना डोळा लालच ऱ्हातस."

त्या रात्री मी घरी आलो होतो तेव्हा ती मला ठीकच दिसली होती, आणि मीही तिला ठीकच दिसलो असणार. मुलगा गेल्याचं मला किती लागलं होतं ते मी केबिनमध्येच ठेवून आलो होतो. एका घरात दोन माणसं, एकच दुःख, आणि ते रडायला एक इकडे यायची आणि दुसरा कुठंच जायचा नाही. हे मला तिथं मातीत बसून कळलं आणि फार वाईट वाटलं. आजही वाटतं.

सुट्टी संपत आली होती. म्हातारीनं फडकं सोडलं. आमच्यात मरणाच्या घरी चूल पेटत नाही, सोयरे-शेजारी आणून जेवू घालतात, हातात घास देतात. तो कडू घास. बंगल्यावर तो हॉटेलातून आला होता, स्टीलच्या डब्यांतून, चमच्यासकट. डायनिंग टेबलावर मी एकटा जेवलो होतो.

म्हातारीनं भाकरी मोडली. तिची बोटं लाल होती, नखांच्या कडा काळपट. तिनं चतकोर माझ्या हातावर ठेवला आणि त्यावर थोडी चटणी. "जेवी ल्या, शेठ."

"शेठ नको म्हणू," मी म्हणालो.

तिनं माझ्याकडे पाहिलं. "मंग जेव ना, भाऊ."

मी चटणी बाजूला सारली. नुसती भाकरी तोडून तोंडात घातली. ओठ पेटले. जिभेवर, टाळ्याला, घशात, सगळीकडे तेच ते तिखट, पिठात उतरलेलं, पथारीवरच्या शेडमधलं. स्वयंपाकी आल्यापासून मी ते चाखलं नव्हतं.

मग मी रडलो. मोठ्यानं. बाया आपापली फडकी सोडून जेवायला लागल्या. कुणी माझ्याकडे पाहिलं नाही. फक्त म्हातारीनं उरलेली भाकरी माझ्यासमोर ठेवली आणि म्हणाली, "हात धुयेल शेतस हां मन्हा."